पंधरा दिवसांची योजना आणि पाच वर्षांचा आजार

२३ सप्टेंबर २०१८ रोजी 'आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जनआरोग्य योजना' सुरू झाली, तेव्हापासून सत्ताधारी पक्षाचे वक्ते एक दावा न थकता करीत आले आहेत. कुटुंबामागे दरवर्षी पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले असल्यामुळे कर्करोगासारख्या आजारापायी गरिबाला आता घरदार विकावे लागणार नाही, असा हा दावा आहे. सभेत त्याला टाळ्या पडतात. तो खरा की खोटा हे ठरवायचे असेल तर मात्र रुग्णालयाच्या दारात उभे राहावे लागते, आणि तेही रुग्ण आत जाताना नव्हे तर उपचार संपवून बाहेर पडताना.

या योजनेच्या नियमांत एक छोटेसे कलम आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्याच काळातील तपासण्या व औषधे विम्याच्या रकमेत धरली जातात. रुग्ण पुन्हा दाखल झाला तर नवे पॅकेज सुरू होते. परंतु दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात करून घ्यावयाची नेहमीची तपासणी या योजनेच्या मूळ चौकटीतच बसत नाही. म्हणजे सोळाव्या दिवशी सरकारची जबाबदारी संपते. फुप्फुसाच्या कर्करोगाला हे सरकारी पंचांग ठाऊक नाही.

उपचार 'संपतो' म्हणजे काय?

शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी यांनी हा आजार आटोक्यात आला तरी त्यानंतरची पहिली दोन वर्षे सर्वांत धोक्याची असतात. आजार उलटण्याच्या बहुतेक घटना याच काळात घडतात. म्हणून प्रचलित वैद्यकीय सूत्रांप्रमाणे पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी, आणि आजार पुढच्या टप्प्याचा असल्यास त्याहूनही लवकर, छातीचा सीटी स्कॅन व डॉक्टरांची तपासणी करावी लागते. त्यानंतर वर्षातून एकदा. उलटलेला आजार वेळीच सापडला तर पुन्हा इलाज करता येतो. फुप्फुसाच्या दुसऱ्या भागात अगदी नवा कर्करोग उद्भवण्याचा धोकाही वर्षानुवर्षे कायम राहतो. पाच वर्षे ही किमान मुदत आहे.

उपचारांनी स्वतः मागे ठेवलेले घाव वेगळेच. फुप्फुसाचा एक खंड काढून टाकलेला माणूस दोन जिने चढला की धापा टाकतो. बरगड्यांमधील चिरेची कळ महिनोन् महिने जात नाही. किरणोपचार संपल्यानंतर एक ते सहा महिन्यांनी फुप्फुसाला सूज येऊन कोरडा खोकला, ताप आणि दम लागणे सुरू होऊ शकते. पूर्वीचा इतिहास ठाऊक असलेला डॉक्टर भेटला तर हा विकार औषधाने आवरता येतो. न भेटला तर गावच्या दवाखान्यात साधा खोकला किंवा क्षय समजून भलतीच औषधे चालू राहतात. केमोथेरपीतील सिस्प्लॅटिनसारख्या औषधामुळे मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना इजा होऊ शकते आणि हातापायांची बोटे बधिर होतात. वजन घटते, झोप उडते, प्रत्येक तपासणीच्या आधी भीती दाटून येते.

यांपैकी बऱ्याच त्रासांवर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. श्वसनाचे व्यायाम, हळूहळू वाढवत न्यायचे चालणे, पोटभर प्रथिनयुक्त अन्न, इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाच्या लसी, विडी-सिगारेट सोडण्यासाठी सततची मदत, वेदनाशामक औषधे आणि धीर देणारे कोणीतरी जाणते माणूस. शिकलेली परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि तालुक्याच्या ठिकाणी नीट ठेवलेली नोंदवही एवढ्यांनी यातले बहुतेक काम होते. एवढेही जेथे होत नाही तेथे प्रश्न पैशाच्या टंचाईचा राहत नाही. तो राजकीय होतो.

सोळाव्या दिवसानंतर

उदाहरणादाखल इचलकरंजीचा एखादा यंत्रमाग कामगार डोळ्यांसमोर आणावा. योजनेच्या कार्डावर त्याची शस्त्रक्रिया झाली, वृत्तपत्रातील सरकारी जाहिरातीच्या हिशेबात तो 'लाभार्थी' झाला आणि घरी परतला. त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. बधिर बोटांनी तुटलेला धागा सांधता येत नाही, आणि सांधता आला तरी बारा तास उभे राहण्याइतका श्वास उरलेला नाही. सहा महिन्यांनी तपासणीची तारीख येते तेव्हा त्याच्यापुढे हिशेब असतो तो स्कॅनचा, गाडीभाड्याचा, सोबत येणाऱ्या बायकोच्या किंवा मुलाच्या बुडालेल्या रोजाचा आणि मुंबईतील मुक्कामाचा. पहिल्या तारखेला तो उसनवारी करून जातो. दुसरी तारीख पुढे ढकलतो. तिसरी तारीख येते तेव्हा पुष्कळदा आजारच परत आलेला असतो. मग म्हटले जाते की रुग्णाने हलगर्जीपणा केला!

परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतचे रुग्ण तेथे येतात. आसपासच्या पदपथांवर फाइली उशाला घेऊन निजलेली कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. ज्या परिसरात गिरण्यांचे भोंगे वाजत तेथे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उठल्या. तपासणीसाठी आलेल्या रुग्णाला मात्र चार रात्री पाठ टेकायला जागा नाही. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था हा भार आपल्या परीने उचलतात, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु जनतेचा हक्क धर्मशाळेच्या ओसरीवर टाकून देणाऱ्या राज्ययंत्रणेला त्या ऋणात वाटा मागण्याचा अधिकार नाही.

गंमत अशी की, उपचारानंतरची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे हे याच सरकारचे एक खाते केव्हाच मान्य करून बसले आहे. रेल्वेच्या नियमांनुसार कर्करुग्णाला मिळणारी भाडेसवलत केवळ उपचारापुरती नाही, ती नियतकालिक तपासणीसाठीही आहे. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत तर रुग्णाचे पूर्ण भाडे माफ होते. जे रेल्वेला कळते ते आरोग्य खात्याला का कळू नये? महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेल्या योजनेतही ९७१ उपचारांच्या जोडीला १२१ 'पाठपुरावा' पॅकेजे ठेवण्यात आली होती. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त ते निवडक उपचारांच्या यादीत कोंबून, पॅकेजच्या भावात मोजून दिले जाते.

याचे कारण योजनेच्या स्वरूपातच आहे. विमा ही विक्रीयोग्य वस्तूंची बाजारपेठ असते. शस्त्रक्रिया विकता येते, खाटा विकता येतात, त्यांचे बिल सादर करता येते. पाच वर्षे एखाद्या माणसाच्या श्वासावर लक्ष ठेवणे हे असे विकता येत नाही. ज्या व्यवस्थेत सार्वजनिक रुग्णालये उभारण्याऐवजी सार्वजनिक पैसा खाजगी रुग्णालयांकडे वळविला जातो, त्या व्यवस्थेत ज्याचे बिल होत नाही ते काम होतच नाही. भांडवलाचा दृष्टिकोनही याहून निराळा नाही. त्याला कामगार हवा असतो तो श्रमशक्तीचा मालक म्हणून. जिची श्रमशक्ती अर्धी झाली त्या देहाचा श्वास हा त्याच्या लेखी कुटुंबाचा खाजगी खर्च. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१–२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम जनता थेट आपल्या खिशातून भरीत होती.

'दोष रुग्णाचा' हा सिद्धान्त

या जबाबदारीतून सुटण्यासाठी एक सोयीस्कर सिद्धान्त वापरला जातो. फुप्फुसाचा कर्करोग हा व्यसनाचा परिणाम. ज्याने विडी ओढली त्याने भोगावे. तंबाखू हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे यात शंका नाही, आणि तंबाखूविरुद्ध कामगारांत प्रचार करण्यात चळवळीने कधीही कुचराई करू नये. परंतु एवढ्यावर सत्य संपत नाही. भारतात कधीही धूम्रपान न केलेल्या रुग्णांचे प्रमाण मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉस तर पूर्वीच, शिवाय १९९७ मध्ये सिलिकाची धूळ, २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरील हवेचे प्रदूषण यांना निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे. खाणीत, दगडाच्या क्रशरवर, पत्र्याच्या कारखान्यात, वाहतुकीच्या नाक्यावर श्वास घेणे हे कोणाचे व्यसन आहे?

ॲस्बेस्टॉसचा इतिहास येथे बोलका आहे. त्याचे तंतू फुप्फुसात शिरल्यापासून कर्करोग प्रकट होईपर्यंत वीस ते चाळीस वर्षे जाऊ शकतात. म्हणजे रोग उघडकीला येतो तेव्हा कामगार निवृत्त झालेला किंवा कामावरून काढलेला असतो. हेच ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, ठेवण्याचा आदेश दिला. आणि सेवेत असताना व निवृत्तीनंतरही आरोग्य व वैद्यकीय मदत हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. परंतु ज्या कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावरच नाही त्याची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार? 'दोष तुझ्या विडीचा' हे वाक्य नेमके येथे मालकाच्या कामी येते. ते उच्चारले की नुकसानभरपाईची फाइल बंद होते.

विडी वळणाऱ्या कामगारांच्या बाबतीत तर क्रूर विनोद घडला. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी निर्माण केला होता. कर्करोगाच्या उपचारखर्चाची भरपाई त्यातून देण्याची तरतूद होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आणताना हा उपकरच रद्द करण्यात आला. सोलापूर, निपाणीपासून बंगाल-तेलंगणापर्यंतच्या विडी कामगार स्त्रियांचा हक्काचा पैसा असा एका फटक्यात आटला.

संघटित क्षेत्रातही भिंती आहेतच. १९४८ च्या कायद्यावर उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेने कर्करोगासारख्या दीर्घ आजारात ८० टक्के दराने वाढीव आजारभत्ता देण्याची सोय केली. हे कामगारवर्गाने मिळविलेले मोलाचे संरक्षण आहे. परंतु त्यासाठी सलग दोन वर्षांची विमापात्र नोकरी ही अट आहे, आणि कंत्राटदार तर दर काही महिन्यांनी माणसे बदलतो ते अशा अटी पूर्ण होऊ नयेत म्हणूनच. १ जानेवारी २०१७ रोजी ठरलेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा त्यानंतर अनेक वर्षे जागची हलली नाही. महागाईने वाढलेल्या प्रत्येक वेतनाबरोबर काही कामगार या छत्राबाहेर ढकलले गेले.

औषधाच्या किमतीचे राजकारण

आता उपचारोत्तर काळात नवी औषधेही आली आहेत. गाठीत ईजीएफआर या जनुकाचा विशिष्ट बदल आढळल्यास शस्त्रक्रियेनंतर ऑसिमर्टिनिबची गोळी तीन वर्षे रोज घेतल्याने आजार उलटण्याचा धोका बराच घटतो. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या काही रुग्णांना केमोथेरपी व किरणोपचारानंतर वर्षभर डुर्व्हालुमॅब दिले जाते. विज्ञानाचे हे फळ कोणाच्या ताटात पडते? २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या दोन औषधांसह तीन कर्करोगविरोधी औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले आणि त्याचा मोठा गाजावाजा करण्यात आला. परंतु शुल्क हा किमतीचा लहान तुकडा असतो. मूळ किंमत ठरविते ती पेटंटधारक परदेशी मक्तेदारी, आणि तिला हात लावण्याचे धाडस अर्थमंत्र्यांनी केले नाही.

हत्यार मात्र कायद्यात पडून आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील वस्तू-पेटंट नाकारून भारतीय औषधउद्योग उभा केला. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ मध्ये तो कायदा बदलला, तेव्हा डाव्या पक्षांच्या आग्रहामुळेच जनहिताची काही संरक्षक कलमे त्यात टिकली. मार्च २०१२ मध्ये यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या सोराफेनिबसाठी सक्तीचा परवाना देण्यात आला आणि महिन्याची किंमत सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आली. यातून एक गोष्ट सिद्ध झाली : औषधाची किंमत ही निसर्गनियमाने ठरत नाही. तरीही तो परवाना पहिला आणि एकमेव ठरला. साम्राज्यवादी दडपणापुढे झुकलेली सरकारे शुल्कमाफीचे ढोल वाजवितात ते हे हत्यार म्यानातच राहावे म्हणून.

दुसरी वाट अस्तित्वात आहे

'एवढे सगळे गरीब देशाला परवडणार नाही' हा शेवटचा युक्तिवाद. १९४६ मध्ये, ब्रिटिश राजवटीतच, भोर समितीने सांगून ठेवले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकता कामा नये. स्वतंत्र भारताच्या सत्ताधारी वर्गाने ते तत्त्व ग्रंथालयात ठेवून दिले.

केरळमध्ये १९९३ पासून कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीला लोकांनी वॉर्डावॉर्डात नेले. २००८ मध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने शुश्रूषा-सेवेचे धोरण जाहीर केले आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. पंचायतीच्या पैशातून परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. तेथील दारिद्र्य नाहीसे झाले म्हणून हे घडले नाही; स्थानिक स्वराज्य संस्था, संघटित जनता आणि सरकार यांनी एकत्र काम केले म्हणून घडले. ऑगस्ट २०२४ मध्ये डाव्या सरकारनेच कारुण्य औषधालयांमधून कर्करोगाची औषधे नफा न घेता विकण्यास प्रारंभ केला.

क्यूबाचे उदाहरण तर थेट याच रोगाचे. अमेरिकेच्या नाकेबंदीत जगणाऱ्या या छोट्या देशाच्या सार्वजनिक संस्थेने 'सिमावॅक्स' ही लस विकसित केली आणि २०११ पासून ती जनतेला मोफत उपलब्ध केली. ती रोग समूळ बरा करते असा दावा कोणीही करू नये. पहिला उपचार पूर्ण झालेल्या काही रुग्णांचे आयुष्य ती वाढविते. शिकण्यासारखी गोष्ट अशी की ती लस वस्तीतल्या पॉलिक्लिनिकमध्येही मिळते, म्हणजे रुग्णाला जपणारी यंत्रणा त्याच्या घराजवळ येते.

चळवळीपुढील काम

येथे आपल्या चळवळीतील एका समजुतीचाही समाचार घेतला पाहिजे. रुग्णाची सोबत करणे, तपासणीच्या तारखा सांभाळणे ही समाजसेवा आहे, वर्गसंघर्ष नव्हे, असे काही कार्यकर्ते मानतात. प्रसूती-रजा, आठ तासांचा दिवस, सुरक्षित यंत्रे या मागण्याही एके काळी अशाच 'किरकोळ' मानल्या गेल्या होत्या. कामगाराचे शरीर हेच शोषणाचे पहिले रणक्षेत्र आहे. ते झिजल्यावर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वर्गीय नाही तर कोणता आहे? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ८१ हजार लोकांना फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि सुमारे ७५ हजार त्याने मरतात. या दोन आकड्यांमधील अंतर इतके कमी असण्यामागे उशिरा होणारे निदान आहे, क्षय समजून वाया गेलेले महिने आहेत, आणि अर्ध्यावर सुटलेली देखभालही आहे. म्हणून कामगार संघटना, किसान सभा, महिला व युवक संघटना यांनी पुढील मागण्या हाती घेतल्या पाहिजेत :

१. कर्करुग्णाची उपचारोत्तर तपासणी, सीटी स्कॅन, औषधे व फिजिओथेरपी किमान पाच वर्षे पूर्णपणे मोफत असावी. पंधरा दिवसांची अट रद्द व्हावी.

२. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोग पाठपुरावा विभाग, श्वसन-पुनर्वसनाची सोय आणि वेदनाशमनासाठी मॉर्फिनचा अखंड पुरवठा असावा.

३. तपासणीच्या दिवसांचा रोज, रुग्ण व सोबती दोघांचाही, भरून मिळावा; बसभाडे व मुक्काम मोफत असावा.

४. वाढीव आजारभत्ता कंत्राटी, असंघटित व घरबसल्या काम करणाऱ्या कामगारांना लागू व्हावा. बरा होणाऱ्या कामगाराला हलके काम व नोकरीची हमी मिळावी.

५. ॲस्बेस्टॉसची आयात व वापर बंद करावा, १९९५ च्या आदेशाप्रमाणे नोंदी तपासाव्यात आणि व्यावसायिक कर्करोगाची भरपाई मालकांकडून वसूल करावी.

६. विडी कामगार कल्याण निधीला पर्यायी व कायमचे उत्पन्न द्यावे.

७. जीवनावश्यक पेटंटबद्ध औषधांसाठी सक्तीचे परवाने द्यावेत आणि सार्वजनिक औषध कारखान्यांतून उत्पादन करावे.

मागण्यांच्या जोडीला प्रत्यक्ष काम हवे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील उपचार झालेल्या रुग्णांची यादी करावी, कोणाची तपासणी केव्हा आहे हे नोंदवावे, रेल्वे-सवलतीचा अर्ज व विमा कार्यालयातील कागदपत्रे यांत मदत करावी, रुग्णाची फाइल तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी. सुरत, इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी भाषक सभासदांना दूरच्या रुग्णालयात भाषेवाचून अडलेल्या माणसाची अडचण अनुभवाने माहीत आहे. परळला उतरणाऱ्या बिहारी-बंगाली मजुरालाही तीच अडचण येते. एकाने दुसऱ्याला सोबत देणे हाच आंतरप्रांतीय बंधुभावाचा प्रत्यक्ष अर्थ. अशी यादी हातात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर निघणाऱ्या मोर्चाला आकडे असतील आणि मोर्चात पुढे चालणारी माणसेही असतील.

विमा योजनेच्या हिशेबात शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक रुग्ण हे एक पूर्ण झालेले प्रकरण आहे. कामगारवर्गाच्या हिशेबात तो अजून दम खात चालणारा, कामावर परतू पाहणारा साथी आहे. सोळाव्या दिवशी त्याचा हात कोण धरतो, यावरून कोणत्या राज्यव्यवस्थेत जनता जगते आहे हे ठरते. आणि तो हात धरून त्याच्यासह हक्काची लढाई लढणे हे पक्षाच्या प्रत्येक शाखेचे आजचे कर्तव्य आहे.